खांबेट्यांची बारा पेरं

दिगंबर खांबेटे गाडी सुरू करण्यापूर्वी बोटं मोजत. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकायचा, तिथून वर सरकायचा, मग अनामिका, मग मधलं बोट, मग तर्जनी. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एकूण बारा. हे चालू असताना बोलायचं नाही असा नियम होता. कचेरीला जाताना ते मला माझ्या दारातून घेत आणि मग तिथेच हे चालायचं; मी शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन देवळात बसल्यासारखी बसून राहायची. बाहेर उणे चार, काचेवर बर्फ, आणि पलीकडच्या गाडीतला जर्मन शेजारी आमच्याकडे टक लावून बघतोय. हा काहीतरी हिंदू विधी आहे याबद्दल त्याची खात्री होती. एकदा त्याने मला अदबीने तसं विचारलं. मीही अदबीने हो म्हणाले.

विधी वगैरे काही नव्हता. ती त्या दिवसाच्या कामांची यादी होती. करंगळीवर घरची तीन कामं, अनामिकेवर मुलीची, मधल्या बोटावर कचेरीची आणि तर्जनीवर पुण्याची. पुण्याची म्हणजे आईची. खांबेटे आयुष्यात कधी काही लिहून ठेवत नसत. डायरी नाही, फोनमध्ये नोंद नाही, फ्रीजवर चिठ्ठी नाही. मी एकदा म्हणाले, "अहो, एखादी वही करा की."

"कागदावर लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो, ओकबाई," ते म्हणाले. "आणि डोक्याला भाडं पडत नाही. या देशात तेवढी एकच जागा उरलीय."

आम्ही वोल्फ्सबुर्गमध्ये राहायचो. कालव्यापलीकडच्या त्या अवाढव्य मोटार कारखान्यात नव्हे, गावाबाहेरच्या एका लहानशा कंपनीत कामाला होतो. ही कंपनी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर करते. गाडी ओल्या रस्त्यावरून घसरायला लागली की कुठल्या चाकाला किती ब्रेक लावायचा, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. ते बाहेर जाण्यापूर्वी सगळ्या चाचण्यांचे निकाल तपासून त्यावर सही करायची, हे खांबेट्यांचं काम. जर्मनांचा चार डोळ्यांचा नियम आहे, म्हणजे अशा कागदावर दोघांनी स्वतंत्रपणे वाचून सही करायची. पहिली सही खांबेट्यांची आणि दुसरी माझी. खरं सांगायचं तर चार वर्षं मी त्यांची सही बघून सही करत होते. डोळे दोनच होते. पण ते खांबेट्यांचे होते, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

त्यांच्या स्मरणशक्तीची ख्याती कुठवर होती ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्या मराठी मंडळात गणपतीला नाटक होतं आणि प्रॉम्प्टर मी असते, कारण पडद्याआडून माणसांना हुकूम सोडायला मला मनापासून आवडतं. एका वर्षी दुसऱ्या अंकात नायक भर रंगमंचावर गप्प झाला आणि नेमकं त्याच वेळी माझं पान उडून टेबलाखाली गेलं. मी टेबलाखाली रांगत असताना तिसऱ्या रांगेतून शांत आवाज आला, "पण वकीलसाहेब, ती सही माझी नव्हेच!" नायकाने ते वाक्य घेतलं आणि नाटक पुढे गेलं. खांबेट्यांचा त्या नाटकाशी काहीही संबंध नव्हता. दोन तालमी त्यांच्या दिवाणखान्यात झाल्या होत्या आणि ते तेव्हा स्वयंपाकघरात भांडी लावत होते, एवढंच.

तर अशा माणसाने एका मंगळवारी सकाळी मला फुटपाथवर सोडून दिलं. म्हणजे मी नेहमीसारखी माझ्या दारासमोर उभी होते. त्यांची गाडी आली. मी हात केला. त्यांनीही हसून हात केला आणि ते निघून गेले. मी बसने गेले. कचेरीत पोचल्यावर ते मला म्हणाले, "आज बसने आलात?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग एका शनिवारी ते ईशाला आणायला पोहण्याच्या तलावावर गेले आणि पाव घेऊन परत आले. ईशा ही त्यांची सोळा वर्षांची मुलगी. ती पाऊण तासाने ओल्या केसांनी घरी आली आणि दारातच म्हणाली, "पापा, दू हास्ट मिश फरगेसन." तू मला विसरलास. मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते, अशातली ती आहे. खांबेट्यांनी तिच्यापुढे पावाची पिशवी धरली. मग म्हणाले, "आल्झो, पाव गरम आहेत." आल्झो हा शब्द त्यांनी जर्मनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात उचलला होता. आपल्या "तर मग"सारखा आहे. खांबेटे अडले की आधी तो पुढे करायचे.

पुढे गाडीच्या किल्ल्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी सापडल्या. त्यांच्या तळघरात सायकलचा पंप घेऊन ते दहा मिनिटं उभे असलेले मला स्वतःला दिसले. "काय शोधताय?" "तेच शोधतोय," ते म्हणाले. बोटं मोजणं आता दोन्ही हातांवर सुरू झालं होतं. बाराची चोवीस पेरं झाली होती आणि तरीही शेवटच्या पेरावर पोचून ते परत करंगळीपाशी जायचे, आणि पलीकडचा जर्मन शेजारी आमचा सण आहे असं समजून हात जोडायचा.

खरं काय ते नोव्हेंबरमध्ये कळलं. आम्ही कचेरीत चाललो होतो. खांबेट्यांनी अचानक बसथांब्यावर गाडी उभी केली. जर्मनीत बसथांब्यावर गाडी उभी करणारा माणूस एक तर मरणाच्या दारात असतो किंवा कालच विमानातून उतरलेला. खांबेट्यांना येऊन चौदा वर्षं झाली होती.

"ओकबाई, परवाची ती ओल्या रस्त्याची चाचणी. तिचा निकाल मी बघितला होता का?"

"सही आहे की तुमची."

"सही आहे. सही बघून मलाही कळलं की माझी आहे. बघितला होता का, ते विचारतोय."

 मीही सहीच बघितली होती.

"मी काल संध्याकाळी थांबून सगळं परत तपासलं," ते म्हणाले. "निकाल बरोबर आहे. पण तो बघितल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. कोरं आहे. आईचं असंच सुरू झालं. आधी दूध उतू जायला लागलं. मग किल्ल्या. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, मी राहते कुठे हो?"

"अहो, त्यांची तेव्हा सत्तरी उलटली होती. तुम्ही बावन्न."

"माझं सगळं लवकरच झालंय. टक्कल बघा."

मागून बस आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही, नुसता उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. ते जास्त वाईट असतं. खांबेटे हलले नाहीत.

"हे ब्रेक आहेत, ओकबाई. मागच्या सीटवर कुणाचं तरी पोर झोपलेलं असतं. आईसारखंच असेल, तर मी ज्या दिवशी कळेल त्या दिवशी साहेबाला सांगून नोकरी सोडणार. पण आधी कळू दे. आणि मृणालला यातलं काही बोलायचं नाही."

मृणाल म्हणजे त्यांची बायको. ती शाळेत शिकवते, आणि तिला काही न सांगणं हे मला स्वतःला कधीही जमलेलं नाही. तरी मी शब्द दिला. बसचा ड्रायव्हर खाली उतरला होता, म्हणून घाईत दिला.

खांबेटे घरच्या डॉक्टरकडे गेले. त्याने मेंदूच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली, आणि मेंदूच्या डॉक्टरने अकरा आठवड्यांनंतरची वेळ दिली. विसरण्याच्या तक्रारीसाठी अकरा आठवड्यांनंतरची वेळ का देतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याच्या लक्षात राहिली आणि जो आला तो बरा आहे, असा बहुधा त्यांचा आडाखा असावा.

त्या अकरा आठवड्यांत खांबेटे प्रत्येक कागद मला मोठ्याने वाचून दाखवत आणि मी मान हलवल्यावरच सही करत. मीही आता खरंच वाचत होते. एका कागदाला पूर्वी तास लागायचा तिथे अडीच लागायला लागले. वर्षअखेरीला आमच्या साहेबाने, हेर क्राम्पेने, सगळ्यांसमोर आमच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. खांबेट्यांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि आता आमची चूक सांगते. ती आम्ही दोघांनी मिळून केली आणि आपल्याकडच्या माणसांखेरीज ती कुणी केली असती असं मला वाटत नाही. आम्ही त्या परीक्षेचा अभ्यास केला.

झालं असं, की मेंदूचे डॉक्टर स्मरणशक्ती तपासायला कागदावर एक चाचणी घेतात असं मला कळलं. मी नेटवर शोधलं तर एक छापील नमुना मिळाला. पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने परत सांगायचे. घड्याळ काढून त्यात काटे दाखवायचे. शंभरातून सात वजा करत जायचं. मी तो कागद खांबेट्यांना दाखवला मात्र, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तीन महिन्यांत न पाहिलेलं तेज आलं. दहावीला बोर्डात येणं ज्याचं थोडक्यात हुकलं आणि जो ते अजून विसरलेला नाही, त्याच्यापुढे आयुष्याने पुन्हा एकदा पेपर ठेवला होता. आणि तोही आधीच.

पाच आठवडे रोज गाडीत आम्ही तयारी केली. डॉक्टरची भूमिका अर्थातच माझी. मी चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, जर्मन उच्चारात, भुवई उंचावून विचारायची, "हेर खांबेटे, आज वार कोणता?" पहिल्या दिवशी त्यांना तीसपैकी एकोणतीस मिळाले.  गाडी लावल्यावर म्हणाले, "एक मार्क कुठे गेला?" घड्याळात त्यांनी मिनिटकाटा आणि तासकाटा सारख्याच लांबीचे काढले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेकंदकाटाही काढला. सात वजा करत ते दोनावर पोचायचे आणि विचारायचे, "शून्याच्या खाली जाऊ का?" आणि पाच शब्द तर झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाले असते. छत्री, गाजर, पूल, घोडा, पिवळा. सरळ, उलट, एक सोडून एक.

"यांना आजार नाही," मी स्वतःशी म्हणत होते. पण आपण पाच आठवडे काय बघतो आहोत, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी प्रॉम्प्टर आहे. नट वाक्य बरोबर म्हणतोय ना, तेवढंच मी बघते.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले. घरी सांगितलं होतं, दिवसभराचं वर्कशॉप आहे. दवाखाना ब्राउनश्वाइगला होता. काउंटरवरच्या मुलीने मला "फ्राऊ खांबेटे", म्हणजे सौ. खांबेटे, म्हटलं. मी सुधारलं नाही, कारण सुधारलं तर बाहेर बसवतील अशी भीती होती. डॉक्टर साठीच्या घरातली, आखूड पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी बाई होती. तिने कागद पुढे ओढला, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि भुवई उंचावली. खांबेट्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"हेर खांबेटे, मी आता पाच शब्द सांगणार आहे. ते तुम्ही..."

"छत्री, गाजर, पूल, घोडा, पिवळा," खांबेटे म्हणाले.

 डॉक्टरने आपल्या हातातला कागद पाहिला. मग खांबेट्यांना पाहिलं. मग मला.

"मी अजून सांगितले नव्हते," ती म्हणाली.

"आल्झो," खांबेटे म्हणाले, "तुमचे सांगून झाले की पुन्हा म्हणू का?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

खांबेट्यांनी ताबडतोब माझ्याकडे बोट केलं. मैत्रीत इतका चपळ विश्वासघात मी दुसरा पाहिलेला नाही. मी उभी राहिले. का, ते माहीत नाही. शाळेत अशा वेळी उभं राहायचं असतं.

डॉक्टर ओरडली नाही. तिने किती दिवस अभ्यास केला ते विचारलं, कुठे केला ते विचारलं, आणि घड्याळ, वजाबाकी, सगळंच पाठ आहे का तेही विचारलं. "शब्द उलटेही म्हणून दाखवतो," खांबेटे उत्साहाने म्हणाले आणि म्हणून दाखवले. तिने कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. "मार्क कापतेय," खांबेटे माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटले.

मग तिने तो कागद उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत नवे पाच शब्द सांगितले. दगड, चष्मा, नदी, टोपी, हिरवा. खांबेट्यांनी ते म्हणून दाखवले. "थोड्या वेळाने परत विचारीन," ती म्हणाली आणि इकडचं तिकडचं बोलू लागली. घरी कोण असतं, झोप किती, काम काय. खांबेटे नीट उत्तरं देत होते. पण त्यांच्या कोटाच्या खिशात काहीतरी बारीकसं थरथरलं. थांबलं. परत थरथरलं. त्यांनी फोन काढला नाही. फक्त दर वेळी त्यांचा चेहरा क्षणभर कुठेतरी जाऊन यायचा. रंगमंचावर नटाचा चेहरा असा झाला की मी पुढचं वाक्य द्यायला तयार होते.

"आता ते शब्द?"

"दगड," खांबेटे म्हणाले. आणि थांबले.

मला पाचही येत होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले. इतका अवघड प्रयोग मी आजवर केलेला नाही.

"दगड," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या टकलावर घाम आला होता. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आलं हो, ओकबाई. आलंच."

"खिशात काय आहे?" डॉक्टरने विचारलं.

खांबेट्यांनी फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर पुण्यातली एक खोली होती. लाकडी खाट, टेबलफॅन, भिंतीवर दिनदर्शिका, आणि या सगळ्यातून भिंतीला हात लावत चाललेली एक बारीकशी म्हातारी. आईच्या खोलीत त्यांनी कॅमेरा बसवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तिथे काही हललं की यांच्या खिशात फोन थरथरायचा.

"किती वेळा वाजतो?"

"आई हलली की."

"ती किती वेळा हलते?"

"आल्झो," खांबेटे म्हणाले. "ती हिंडत असते. शोधत असते काहीतरी."

"काय?"

"माहीत नाही. तिलाही माहीत नाही."

डॉक्टरने फोन उचलून माझ्या हातात दिला आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि खांबेट्यांच्या आईकडे बघत राहिले. त्यांनी खण उघडला. एक टॉवेल काढला, घडी घातली, परत ठेवला. परत काढला. सांभाळायला ठेवलेली बाई येऊन काहीतरी बोलून गेली. मग त्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली येऊन उभ्या राहिल्या आणि वर बघायला लागल्या. "काय हवंय, आई?" मी मोठ्याने म्हणाले. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी तिथे जेमतेम दहा मिनिटं बसले असेन. तेवढ्यात फोन अकरा वेळा थरथरला. मी तिथे का आले होते ते माझ्याही ध्यानातून गेलं होतं.

आत तोवर डॉक्टरने आणखी नवे पाच शब्द दिले होते आणि खांबेट्यांनी पाचही परत दिले होते. मला आत बोलावल्यावर ती म्हणाली, "रक्त तपासू, डोक्याचं चित्रही काढू. पण ज्याला तो आजार आहे, तो असा पेपर पाठ करून येत नाही. तुमची स्मरणशक्ती ठीक आहे, हेर खांबेटे. तिच्यापर्यंत काही पोचतच नाहीये. तुम्ही दिवसभर दुसऱ्या खोलीत असता. जे आत गेलंच नाही, ते विसरलो असं म्हणायचं नसतं."

"मग मार्क किती?" खांबेट्यांनी विचारलं.

"तुमची परीक्षा बाद आहे," ती म्हणाली. पुढे दोन आठवड्यांनी आलेले सगळे अहवाल स्वच्छ निघाले. पण ते बाद होणं खांबेट्यांच्या मनाला लागलं ते लागलंच.

त्याच संध्याकाळी त्यांनी मृणालला सांगितलं. मला सोबत नेलं होतं, म्हणजे ढाल म्हणून नेलं होतं. मृणाल पोळ्या करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदाही मागे वळली नाही, आणि मग गॅस बंद केला.

"सारखा फोन काढून बघत होतास. मी आले की खिशात ठेवत होतास. तीन महिने मला वाटतंय, कुणीतरी बाई आहे."

"आहे ना," खांबेटे म्हणाले. "ब्याऐंशी वर्षांची."

मृणालला हसू आलं आणि त्याचा तिला फार राग आला. "मला का नाही दाखवलंस? माझ्या कोणी लागत नाहीत त्या?"

"तुझ्या डोक्यात आधीच केवढं असतं."

"आणि तुझ्या?"

"माझं डोकं मोठं आहे अगं."

"किल्ल्या कोथिंबिरीत सापडतात एवढं मोठं," मृणाल म्हणाली. मग तिने त्यांचा फोन मागून घेतला आणि ओट्याला टेकून बघत राहिली. बराच वेळ. पोळपाटावर लाटलेली पोळी तशीच वाळून गेली. मला कोणी जेवायला थांबा म्हणालं नाही, पण मी थांबले होते.

ठरलं असं, की कचेरीच्या वेळात फोन ड्रॉवरमध्ये राहील आणि चावी माझ्याकडे. कॅमेरा तेवढ्या वेळात मृणाल शाळेतून अधूनमधून बघेल. खांबेट्यांनी हे चार दिवस मनापासून केलं. फोन वाजत नव्हता. पण ते ड्रॉवरकडे बघत होते. एक ओळ वाचायची, ड्रॉवर. एक ओळ, ड्रॉवर. पाचव्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जमत नाही, ओकबाई. सगळे म्हणतायत, लक्ष तिथून काढून घे. ते काही खुंटीवरचा सदरा नव्हे. ते तिथेच आहे. मग माणूस इथे कशाला?"

ते उठून हेर क्राम्पेच्या खोलीत गेले. मला वाटलं, ब्रेकचं सांगायला गेले. ते एक वर्षाची बिनपगारी रजा मागायला गेले होते. हेर क्राम्पेने कारण विचारलं. खांबेट्यांनी त्याला सगळं सांगितलं, न आठवणाऱ्या चाचणीपासून दवाखान्यापर्यंत. क्राम्पेने ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याचे वडील हानोव्हरच्या वृद्धाश्रमात असतात आणि तो दर रविवारी जातो. मग तो म्हणाला, "प्रत्येक रविवारी नाही." आणि रजेच्या अर्जावर सही केली.

घरी त्या रात्रीच्या जेवणाला ईशाने सगळं ऐकलं. तिची शाळेची शेवटची परीक्षा पुढच्या वर्षी होती, त्यामुळे ती आणि मृणाल इथेच राहणार होत्या. तिने ताट बाजूला सरकवलं. मग मराठीत म्हणाली, "बाबा, तू जा. मी बसने येईन." व्याकरण अगदी बरोबर होतं.

जाण्यापूर्वी खांबेट्यांनी एकच काम केलं. पुढच्या हिवाळ्यासाठीचं नवं सॉफ्टवेअर बाहेर जायचं होतं. फोन बंद करून मृणालकडे देऊन आले आणि सकाळी नऊपासून वाचत बसले. मला मोठ्याने वाचून दाखवलं नाही. एकदाही मान वर केली नाही. साडेबाराला सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "एकविसाव्या पानावर एक आकडा तपासून घ्या," म्हणाले. "बरोबरच आहे. पण तुम्ही बघा." मी बघितला. सगळीच पानं बघितली. चार डोळ्यांनी, स्वतंत्रपणे वाचून केलेली ती आमची पहिली आणि शेवटची सही. मला निघायला तीन वाजले आणि ते खाली गाडीत माझी वाट बघत बसले होते. त्या दिवशी हात स्टीअरिंगवर होते आणि गाडी चालू होती.

रजेचं वर्ष झालं, ते त्यांनी वाढवून घेतलं. परत येतील असं मृणाल म्हणते, आणि सुट्टीत ईशाला घेऊन जाऊन येते. मी मात्र नव्या माणसाशेजारी बसून कागद वाचते. तो तरुण आहे, सगळं लिहून ठेवतो, आणि त्याची सही मी कधीही नुसती बघत नाही.

मध्ये एका रविवारी खांबेट्यांचा फोन आला. तिकडे दुपार होती. आवाज स्वस्थ होता.

"कॅमेरा काढून टाकला मी," म्हणाले. "आता समोरच असते."

"ओळखतात का तुम्हाला?"

"छे. रोज सकाळी विचारते, आपण कोण? मी सांगतो, मी दिगंबर. तर आज म्हणाली, हो का? आमचा मुलगाही दिगंबरच. जर्मनीला असतो. फार हुशार. त्याच्या सगळं लक्षात असतं, काही म्हणजे काही विसरत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, ऐकून आहे मी त्यांच्याबद्दल. तर तिला इतका आनंद झाला, ओकबाई. म्हणाली, मग उभे का, बसा ना. चहा घेऊनच जा."

"मग?"

"मग बसलो."